उच्चनीचता निसर्गसिद्ध आहे काय?



“निसर्गातच उच्चनीचभाव आहे, मग मनुष्यसमाजात तो असला तर बिघडले कोठे?” असा प्रश्न आपणांस पुष्कळदा विचारला जातो. विचारणारा विज्ञानाचे नाव घेतो आणि आपली मुले निरुत्तर होतात. म्हणून या दाव्याचा पुरावा आज आपण तपासून पाहू.

पहिला पुरावा खरा आहे, हे प्रथमच मान्य करू. नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली दाखवून दिले की, कोंबड्यांच्या कळपात एकमेकींस टोचण्याचा क्रम ठरलेला असतो. परंतु हा क्रम त्या त्या कोंबडीपुरता असतो. एक कोंबडी दुसरीपुढे नमली म्हणून तिच्या वंशातील सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या नमावे, असा नियम कोंबड्यांना ठाऊक नाही. तो मनुस्मृतीने केला.

दुसरा पुरावा अधिक बिकट आहे. आफ्रिकेतील ठिपकेवाल्या तरसांत पिल्लाला आईचाच दर्जा मिळतो. प्रतिपक्ष म्हणेल, हा पाहा जन्मसिद्ध अधिकार! परंतु दुसऱ्या मादीने वाढविलेल्या पिल्लांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या पिल्लांना जन्मदात्रीचा नव्हे, तर पालनकर्तीचा दर्जा मिळाला होता. म्हणजे दर्जा रक्तातून आला नाही. पाठीशी कोण उभे राहिले, यावरून ठरला. आपल्या मुलांच्या पाठीशी शाळा, ग्रंथ आणि कायदा उभा करणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ओळखा.

भगवान बुद्धांनी वासेट्ठसुत्तात हाच विषय हाताळला आहे. गवत, कीटक, पशू, पक्षी यांच्या जाती शरीराच्या खुणांवरून वेगळ्या ओळखू येतात. मनुष्यामनुष्यांत तशी खूण नाही, मनुष्य कर्माने ओळखावा, असा त्यांचा निर्णय आहे. १९३६ साली बाबासाहेबांनीही वंशशुद्धीचा युक्तिवाद खोडून काढताना सांगितले की, पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार वंशाने एकच आहेत.

आता पुढारीपणाविषयी. बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून १९४७ साली असा समज रूढ झाला की, जो लढून इतरांस दडपतो तोच कळपाचा नायक. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांनी आपल्या १९७० सालच्या ग्रंथात तो समज उचलून धरला. पण रानातील मोकळे लांडगे पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच तो दुरुस्त केला. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. आईबाप पिल्लांना पोसतात, सांभाळतात, म्हणून ते पुढे असतात. पिल्ले मोठी झाली की निघून जातात व स्वतःचे कुटुंब उभारतात.

समाजाला पुढारी लागतोच, यात शंका नाही. परंतु २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा आपल्यालाही लागू आहे. विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष निवडताना त्याने काय केले ते पाहा, त्याच्याकडे हिशेब मागा. पुढाऱ्याचा मुलगा म्हणून कोणास पुढारी करू नका. जन्माने मिळणारा मोठेपणा आपण दुसऱ्याच्या घरी नाकारला आहे. तो आपल्या घरात शिरू देऊ नका.

जय भीम!