घराची जागा आणि आपले आरोग्य
(आरोग्य मेळाव्यातील भाषण)



आजार झाला की आपण औषध पाहतो, घराची खिडकी पाहत नाही. आज त्या खिडकीविषयी बोलावयाचे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यातून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत पुढे बाबासाहेबांचे कुटुंब राहिले. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आम्ही अशाच खोलीत वाढलो. आजारी म्हातारीला रात्री पॅसेजच्या टोकापर्यंत धरून न्यावे लागे. पण त्याच पॅसेजमध्ये तिला हात देणारे कोणीतरी भेटे. पेज शेजारून येई आणि खुर्चीत बसवून तिला खाली उतरवावयास चार पोरे धावत. जागा अपुरी होती, माणूस एकटा नव्हता.

आता दुसरी बाजू पाहा. मानखुर्दमधील लल्लूभाई कंपाऊंड व गोवंडीतील नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत घरोघरी स्वतंत्र संडास आहे. परंतु दोन इमारतींत अंतर जेमतेम ३ मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत तेथील क्षयरोगाचा संबंध अपुऱ्या उजेडाशी व कोंडलेल्या हवेशी आढळला. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. हवा खेळती नसेल तर ते खोलीतच साचून राहतात.

बंधूंनो, पुनर्विकासाच्या सभेत आपण एकच विचारतो, “किती चौरस फूट?” यापुढे आणखी चार प्रश्न विचारू या. दोन इमारतींत अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन येईल काय? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेल काय? मजल्यावर म्हाताऱ्यांना चार माणसांत बसावयास जागा आहे काय? नकाशावर सही करण्यापूर्वीच हे विचारावे लागेल. भिंत उभी राहिल्यावर ती सरकत नाही.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करू. खिडकीपुढील कपाट हलवू. रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ घालू. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घेऊ. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत आहेत. आणि नव्या इमारतीत गेलो तरी शेजाऱ्याचे दार वाजवावयास विसरू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! जय भारत!