सुई टोचण्याआधी तोंड उघडा

आजचा विषय पावसाळ्यातला, आपल्या मालवण-कुडाळकडचा. लावणीचे दिवस, चिखलात उघडे पाय आणि मग ताप. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात आलेला लेप्टोचा जंतू पायाच्या जखमेतून शिरतो. आजार सौम्य असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. वाढला, की दाखल करून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन.

पण आपल्याकडे साध्या तापालाही आग्रह असतो, "डॉक्टरांनू, एक सुई मारा, बरा वाटतला!" म्हणून आज सेफ्ट्रायॅक्सोनबद्दल. औषध चांगलंच आहे, जीव वाचवतं. फक्त घेण्याआधी आपण काही गोष्टी सांगायच्या असतात.

पहिली, ॲलर्जी. पूर्वी पेनिसिलिन किंवा कुठल्याही अँटिबायोटिकने अंगावर पित्त उठलं असेल, धाप लागली असेल, तर आधी सांगा. सुई घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा. ओठ सुजले, श्वास अडकला, चक्कर आली तर लगेच हाक मारा. घरी पोचल्यावर झालं तर 108.

दुसरी, चालू गोळ्या. आजोबांची हृदयाची झडप बदललीय आणि ते रक्त पातळ करायची वॉरफरिन घेतात? सेफ्ट्रायॅक्सोनने तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

तिसरी, सलाईन. 'आर.एल.' लिहिलेल्या बाटलीत कॅल्शियम असतं. ते आणि हे औषध एकाच नळीतून एकत्र गेलं तर खडे धरतात. 28 दिवसांच्या आतल्या बाळाला तर हे जिवावर बेतू शकतं. म्हणून घरी कुणाला बोलावून सलाईन लावून घेऊ नका. बरं, हे शिरेतल्या कॅल्शियमचं झालं. दूध किंवा बांगड्याचं तिखलं खाल्ल्याने असं काही होत नाही!

आता साईड इफेक्ट. टोचलेली जागा दुखणं, थोडे जुलाब, पुरळ. कधी पित्ताशयात गाळ साचतो, औषध थांबल्यावर बहुधा जातो. पण पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब लागले, अगदी कोर्स संपून महिना झाला असला तरी, डॉक्टरांकडे जा. जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नका.

आणि सुईचं नाव विचारा. जेंटामायसिन हे वेगळं इंजेक्शन. त्याचा त्रास किडनीला आणि कानांना होऊ शकतो, लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडसोबत जास्त. लेप्टो स्वतःही किडनीवरच जातो, हे लक्षात असू द्या.

सेफ्ट्रायॅक्सोन 2014 पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-1 मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळता नये, आणि मेडिकलवाल्याने नोंद ठेवायची. त्याने चिठ्ठी मागितली तर वाद घालू नका, तो बरोबर आहे.

लावणीला जाणाऱ्या आई-बाबांना हा भाग नक्की ऐकवा. जखमेवर पट्टी, पायात गमबूट, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. चला, भेटूया पुढच्या भागात!