राष्ट्रपतींची शपथ आणि वर्गातले वर्तमानपत्र

श्रोतेहो, गावात वर्तमानपत्र येते, पारावर वाचले जाते आणि दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला जाते. मधला एक दिवस ते शाळेत राहिले, तर काय काय साधते, ते आज पाहू.

उदाहरण राष्ट्रपतींच्या शपथविधीचे घेऊ. २५ जुलै २०२२ रोजी श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात शपथ घेतली. गुरुजींनो, अशा प्रसंगाचे छायाचित्र कापून घ्या; पण खालची ओळ झाकून ठेवा. "शपथ कोण देत आहे?" असे विचारा. कुणी म्हणेल, पंतप्रधान. मग बातमी मुलांनाच शोधू द्या. शपथ दिली ती सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी, घटनेचे ६० वे कलम तसे सांगते. शपथ कशाची? घटनेचे नि कायद्याचे रक्षण करण्याची आणि जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची. एवढे उत्तर मुलाने स्वतः हुडकले, की ते पाठ करावे लागत नाही.

आता दोन रंगांच्या पेन्सिली द्या. घडलेली गोष्ट निळीने अधोरेखित करायची, बातमीदाराचे मत तांबडीने. 'एकवीस तोफांची सलामी झाली', हे निळे. 'सोहळा दिमाखदार झाला', हे तांबडे. खेळ साधा वाटतो खरा. परंतु ज्या मुलाला हा भेद कळला, त्याला पुढे मतदार झाल्यावर नुसत्या शब्दांनी भुलवणे अवघड.

एखादी पोर विचारील, "बाई, माझ्या आईने यांना मत दिलं होतं का?" प्रश्न मोलाचा आहे, टाळू नका. राष्ट्रपतींची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सभासद करतात. आईने मत दिले आमदार-खासदार निवडताना; तिच्या मताची वाट तिथून दिल्लीला जाते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या श्रीमती प्रतिभाताई पाटील २००७ साली पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, त्या याच वाटेने.

शेवटी वर्गाचे भित्तिपत्रक काढा. मॉनिटरने कोणती शपथ घ्यावी, ते मुलांनी त्यात लिहावे. "दोस्ताचं नाव फळ्यावरून पुसणार नाही," असे कुणी लिहिले, तर समजा, धडा पोचला.