गोटीपासून घंटीपर्यंत : मुलांचे साखळीयंत्र आणि ऊर्जेचा हिशेब



ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. तिचे केवळ रूपांतर होते, हा नियम शाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांना तोंडपाठ असतो. उत्तरपत्रिकेत तो अचूक उतरतो. परंतु घरंगळत गेलेली गोटी थांबल्यावर तिची ऊर्जा कोठे गेली, असे त्याच मुलांना विचारावे, तर ‘संपली’ असे उत्तर सहजपणे मिळते. नियम पाठ असणे आणि नियम उमगणे यांतील हे अंतर कमी करण्याचा एक अल्पखर्चाचा उपाय म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातांनी रचलेले साखळीयंत्र होय.

एका वस्तूने दुसरीला ढकलावे, दुसरीने तिसरीला ओढावे आणि अशा अनेक टप्प्यांनंतर अखेर एखादी घंटी वाजावी, असे हे यंत्र असते. सोपे काम मुद्दाम अवघड रीतीने करणाऱ्या अशा यंत्रांची चित्रे अमेरिकेतील व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) यांनी लोकप्रिय केली. गोल्डबर्ग हे शिक्षणाने अभियंते होते. यंत्रयुगाची थट्टा करण्यासाठी काढलेली ही चित्रे पुढे शिक्षणाचे साधन बनली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९८८ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी अशा यंत्रांची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू केली.

आपल्याकडील शाळेला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गोट्या, काडेपेट्या, दोऱ्याची रिकामी रिळे, फूटपट्टी, पुठ्ठ्याच्या नळ्या, रबरबँड, सुतळी आणि जुनी पुस्तके एवढे साहित्य पुरेसे होते. पुस्तकांच्या ढिगावर टेकविलेली पुठ्ठ्याची नळी ही उतरण, पेन्सिलीवर तोललेली फूटपट्टी ही तरफ आणि खिळ्यावर फिरणारे रीळ ही कप्पी होय. पाठ्यपुस्तकातील साधी यंत्रे अशा रीतीने मुलांच्या हाती येतात.

या खेळात दडलेला खरा धडा मात्र थोडासा हिशेब केल्यावाचून हाती लागत नाही. ५ ग्रॅम वजनाची गोटी २० सेंटिमीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा तिच्यापाशी सुमारे ०.०१ ज्यूल एवढी ऊर्जा असते. ही गोटी टेबलाच्या अगदी कडेवर तोललेल्या अर्धा किलो वजनाच्या पुस्तकाला लागते आणि पुस्तक ८० सेंटिमीटर खाली जमिनीवर आदळते. पुस्तकाची ऊर्जा सुमारे ४ ज्यूल, म्हणजे गोटीच्या चारशे पट भरते. मग ऊर्जा निर्माण झाली काय? हा प्रश्न वर्गात उभा राहिला की शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये. मुलांना विचार करू द्यावा. पुस्तक टेबलावर कोणी उचलून ठेवले, हे एखाद्या मुलाच्या ध्यानी येते आणि कोडे सुटते. ती ऊर्जा मुलाच्या हाताने पुस्तकात साठविली होती. हाताला ती सकाळच्या भाकरीतून मिळाली होती आणि भाकरीच्या धान्यात ती सूर्याकडून आली होती. गोटीने केवळ कुलूप उघडले.

साखळीयंत्रात पहिल्या धक्क्याचीच ऊर्जा शेवटपर्यंत जाते, हा समज म्हणूनच बरोबर नाही. प्रत्येक टप्प्यावर घर्षणाने थोडी उष्णता व आघाताने थोडा आवाज होऊन ऊर्जा विखुरते आणि पुढच्या टप्प्यावर आधीच साठविलेली ऊर्जा मोकळी होते. लॉर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात हेच तत्त्व दिसते. प्रत्येक सोंगटी आधीच्या सोंगटीहून सर्व बाजूंनी दीडपट मोठी घेऊन अशा १३ सोंगट्यांची रांग त्याने मांडली. दीडपट मोठ्या सोंगटीचे वजन सुमारे ३.४ पट आणि उंची दीडपट. म्हणून तिच्यात साठलेली ऊर्जा दर टप्प्याला सुमारे पाच पटींनी वाढते. बोटाच्या हलक्या स्पर्शाने शेवटची भारी सोंगटी कोसळते ती यामुळे.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर राबविलेले आपल्या राज्यातच पाहावयास मिळते. घाटघर येथील २५० मेगावॉट क्षमतेच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाची योजना अशी आहे की, विजेची मागणी कमी असताना पाणी खालच्या जलाशयातून वरच्या जलाशयात चढवावे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज घ्यावी. टेबलावर उचलून ठेवलेले पुस्तक आणि डोंगरावर चढविलेले पाणी यांत तत्त्वतः भेद नाही. पाणी चढविण्यास लागलेल्या विजेहून परत मिळणारी वीज कमीच असते, हेही गोटीशी खेळलेल्या मुलाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

या उपक्रमातील दुसरा लाभ अपयशाचा आहे. साखळीयंत्र पहिल्या प्रयत्नात क्वचितच चालते. गोटी वाटेत अडते, तरफ हलत नाही, दोरा रिळावरून घसरतो. अशा वेळी कोणता टप्पा फसला आणि का, हे मुलांना स्वतःच शोधावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल वहीत नोंदवावा, उंची मोजावी आणि पुन्हा करून पाहावे, ही शास्त्रज्ञाची शिस्त त्यांच्या अंगी आपोआप बाणते. उत्तर चुकले की गुण जातात, या धास्तीत वाढणाऱ्या मुलाला चूक ही माहिती असते, हे येथे प्रथमच कळते.

याच ठिकाणी वडीलधाऱ्यांनी संयम राखणे अगत्याचे आहे. विज्ञान प्रदर्शनाचा दिवस जवळ आला की पालक यंत्र रचतात आणि मूल शेजारी उभे राहून पाठ केलेली माहिती सांगते, असे होऊ नये. देखण्या यंत्रापेक्षा मुलाने रचलेले, पाच वेळा बिघडलेले आणि सहाव्या वेळी चाललेले यंत्र अधिक मोलाचे समजावे. चार-पाच मुलामुलींचा गट करावा. मुलींकडे केवळ सजावट आणि नोंदी व मुलांकडे हातोडी, अशी वाटणी टाळावी. ज्योत, विजेचा प्रवाह व काच यांचा वापर करू देऊ नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. त्याची सुरुवात महागड्या उपकरणाची वाट न पाहता एखाद्या शनिवारी दोन तासिकांत करता येईल. घंटी वाजल्यावर टाळ्या होतील, त्या होऊ द्याव्यात. त्यानंतर मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा : गोटी थांबली, पुस्तक पडले, घंटीचा नादही विरला; आता ती ऊर्जा कोठे आहे? ‘संपली’ असे न म्हणता एखादे मूल जमिनीला, हवेला आणि किंचित तापलेल्या रिळाला हात दाखवू लागले, तर तो नियम त्याला खऱ्या अर्थाने समजला असे मानण्यास हरकत नाही.