कापणारे आणि आवरणारे

श्रोतेहो, आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आता शिवारोशिवारी दिसतं. पण जाणता माणूस ते कच्चं कोंबड्यांना घालत नाही. भाजून किंवा शिजवूनच घालतो. असं का?

अन्नातली प्रथिनं म्हणजे लांबच लांब माळा. त्या तुटल्याशिवाय अंगी लागत नाहीत. आतड्यात हे तोडण्याचं काम ट्रिप्सिन नावाचं विकर करतं. या जातीच्या विकरांना सेरीन प्रोटिएज म्हणतात. सेरीन हा घटक म्हणजे जणू त्यांच्या पात्याची धार. सोयाबीनच्या दाण्यात असा एक पदार्थ असतो, की तो नेमका या धारेवरच चिकटून बसतो. मग खाल्लेलं नीट पचत नाही आणि कोंबडीची वाढ खुंटते. कुनिट्झ या शास्त्रज्ञाने अमेरिकेत १९४५ साली हा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. चांगली उष्णता दिली, की त्याचा जोर ओसरतो.

तुम्ही म्हणाल, हा तर दाण्याचा खोडसाळपणा झाला! पण मंडळी, असे आवरणारे पदार्थ आपल्या रक्तातही असतात, आणि तिथे ते राखणदार असतात. फुप्फुसात जंतू शिरले, की पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं कापणारं विकर सोडतात. त्याने फुप्फुसाच्या लवचिक भिंतीही कापू नयेत, म्हणून यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन तयार करून रक्तात धाडतं. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन रक्ताचे सुमारे दीड हजार नमुने तपासत होते. त्यांपैकी पाचांत या राखणदाराची खूणच दिसेना. आणि त्या पाच जणांपैकी तिघांना फुप्फुसाचा विकार जडलेला होता! एवढ्याशा निरीक्षणातून एका रोगाचं मूळ हाती लागलं. आज दात्यांच्या रक्तातून हे प्रथिन काढून काही रोग्यांना शिरेवाटे देतात.

मात्र आशेबरोबर सावधपणाही हवा. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना अशाच एका विकराची मदत घेतो. २०२० साली प्रयोगशाळेत कॅमोस्टॅट या आवरणाऱ्या औषधाने त्याची वाट अडवली. पुढे रुग्णालयातल्या रोग्यांवर चाचण्या झाल्या, तेव्हा फायदा दिसला नाही. शिक्षकबंधूंनो, काचेच्या बशीतलं यश आणि खाटेवरचा रोगी यांत किती अंतर असतं, हे मुलांना जरूर सांगा.

आता एक घरची गोष्ट. माझे काका जन्मभर बिडी ओढत. शेवटी शेवटी आंगणातून ओसरीवर यायचं, तर दोनदा बसावं लागे. धूर दुहेरी घात करतो : कापणाऱ्या पेशींना फुप्फुसात गोळा करतो आणि आवरणाऱ्या प्रथिनाला दुबळं करतो. जन्मतः ज्याच्या रक्तात राखणदारच कमी, त्याचा दोष नाही. पण आपला धडधाकट राखणदार आपल्याच हाताने का अधू करावा? हातातली बिडी पेटवण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करा.