वाढत्या हाताचा ग्लोव्ह
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेला सॉफ्टबॉलचं सामान भेट द्यायचं आपल्या बॅचनं ठरवलं, तेव्हा कॅचरचा ग्लोव्ह निवडायचं काम सगळ्यांनी माझ्यावर टाकलं. "तू पिचर होतीस, तुला कळतं," असं म्हणालात. आपल्याला कळतं, असं मला आठवीतही वाटायचं. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आठवीत आपल्या संघाला नवी कॅचर मिळाली. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली उभी राहणारी, वर्गात सगळ्यांत लहानखुरी, पण चेंडूवर नजर अशी की काही विचारू नका. ती आज इथे बसली आहे, नाव घेत नाही. जुना ग्लोव्ह फाटला होता म्हणून सर मला दुकानात घेऊन गेले आणि म्हणाले, "कॅप्टन तू, निवड तू." दुकानदारानं दोन काढले, एक लहान आणि एक चांगला दणकट, मोठा. मी बेधडक मोठा उचलला. म्हटलं, वाढत्या हाताचा घेऊ, दहावीपर्यंत चालेल.

आपण सगळे तसेच वाढलो ना? गणवेश वाढत्या अंगाचा, बूट पुढे कापूस कोंबून. पण बुटात कापूस चालतो, ग्लोव्हमध्ये नाही.

तिला तो एका हातानं मिटताच येईना. चेंडू यायचा, आत आपटायचा आणि बाहेर उडायचा. मग ती उजव्या हातानं वरून दाबायला लागली. एक दिवस चेंडू नेमका त्याच हाताच्या बोटावर बसला. बोट सुजलं, उतरलंही. पण त्यानंतर चेंडू आला की तिचे डोळे मिटायचे, मान वळायची. मी समोरून ओरडायचे, "डोळे उघडे ठेव!" तालुक्याच्या सामन्यांनंतर तिनं खेळ सोडला. आणि मी पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले की ती घाबरट होती.

माझी भाची दहा वर्षांची झाली आणि कॅचर व्हायचं म्हणाली, तेव्हा तिला घेऊन दुकानात गेले. मी पुन्हा मोठाच ग्लोव्ह उचलला. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी तो तिच्या हातात घातला आणि म्हणाले, "बाळ, मूठ मिटून दाखव." तिला मिटेना. त्या क्षणी मला आठवीचं मैदान आठवलं.

त्यानंतर जे शिकले, ते थोडक्यात सांगते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आता नातवंडं खेळायच्या वयाची आहेत.

पहिली गोष्ट मापाची. साधा ग्लोव्ह मनगटाकडच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजतात, म्हणून तो ११-१२ इंचांचा असतो. कॅचरच्या ग्लोव्हला, म्हणजे मिटला, वेगळी बोटं नसतात. त्याचा घेर मोजतात, म्हणून आकडा तिशीच्या पुढे जातो. लहान मुलांना साधारण ३१-३२ इंचांचा बरा, ३३-३४ मोठ्यांचा. अगदीच नवखं, आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर मिटची घाईच करू नका. साधा ग्लोव्ह आणि मऊ चेंडू यांवर हात बसू दे.

दुसरी गोष्ट, मिट सॉफ्टबॉलचाच हवा. बेसबॉलच्या चेंडूचा घेर ९ इंचांच्या आसपास, आपल्या चेंडूचा १२. लहान गटात ११. बेसबॉलच्या मिटचा खळगा लहान चेंडूसाठी केलेला असतो, आपला चेंडू त्यात नीट बसत नाही. दुकानात जाताना चेंडू सोबत न्या आणि खळग्यात ठेवून बघा.

तिसरी गोष्ट हाताची. उजव्या हातानं फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात, डावखुऱ्याचा उजव्या. शाळांच्या सामानात बहुधा एकाच बाजूचे ग्लोव्ह असतात आणि डावखुरं मूल उलट्या हातानं धडपडत राहतं.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मुलाच्या हातात घालून दहा वेळा उघडझाप करायला लावा. पाचव्या वेळी हात थकला तर तो ग्लोव्ह त्याचा नाही. मनगटाचा पट्टा आवळून हात खाली सोडायला सांगा. ग्लोव्ह घसरला, तरीही तो त्याचा नाही. नवं जाड चामडं लहान हाताला वाकत नाही, म्हणून सुरुवातीला मऊ आणि हलका घ्यावा, मग तो दोन वर्षांतच झिजला तरी चालेल. पण तळव्याला गादी हवीच, कारण पिचरचा जवळजवळ प्रत्येक चेंडू कॅचरकडेच येतो.

नवा ग्लोव्ह खेळूनच मऊ होतो. रोज थोडा वेळ चेंडू झेला, रात्री खळग्यात चेंडू ठेवून पट्ट्यानं बांधा. पाण्यात भिजवू नका, आचेवर तापवू नका. आणि रिकामा हात पाठीमागे ठेवायला पहिल्या दिवसापासून शिकवा. हेल्मेट, मास्क, छातीचं आणि पायांचं संरक्षण या गोष्टी तर लागणारच.

सॉफ्टबॉल १८८७ साली शिकागोत सुरू झाला, तेव्हा म्हणे मुष्टियुद्धाचा एक ग्लोव्ह दोरीनं बांधून त्याचाच चेंडू केला होता. त्या पहिल्या खेळाडूंनी हाताशी होतं त्यावर भागवलं. माझ्यासमोर मात्र दुकानात दोन ग्लोव्ह होते आणि त्यातला लहान तिच्या हाताचा होता.

आपल्या वर्गणीतून मी एक मोठा भारी मिट घेतलेला नाही. दोन लहान आणि एक मधला घेतला आहे, त्यातला एक लहान डावखुऱ्यासाठी. "हे पोरींना दोन वर्षांत लहान होतील," असं कोणी म्हणेल. होऊ देत. दोन वर्षांनी पुन्हा वर्गणी काढू.

आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणी, तू घाबरट नव्हतीस गं. ग्लोव्ह मोठा होता आणि तो मी निवडला होता. हे सांगायला मला फार उशीर झाला. आज दुपारी सामान शाळेच्या ताब्यात द्यायचं आहे. हा पहिला ग्लोव्ह तू त्या छोट्या कॅचरच्या हातात घालावास, अशी माझी विनंती आहे. घातलास की तिला एवढंच म्हण, "बाळ, मूठ मिटून दाखव."