जुने यंत्र घेताना, जुने यंत्र विकताना
(लघुउद्योजकांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



यंत्रांविषयी बोलण्यासाठी आपण एका पत्रकाराला पाचारण केले आहे, आणि तोही कलाशाखेचा पदवीधर! स्पिंडल कसा खोलावा हे मी आपणांस सांगणार नाही. ते आपल्यापैकी अनेकांना झोपेतही जमेल. परंतु भोसरी, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांतील लहान कारखान्यांतून वृत्तांकनाच्या निमित्ताने बरीच वर्षे हिंडताना एक गोष्ट मला वारंवार दिसली. पाच-सहा टनांचे एक जुने यंत्र दारात उतरते, त्याला कुंकू लावून नारळ फोडला जातो, आणि पुढील पाच वर्षे त्या घराचे सुखदुःख त्या यंत्राशी बांधले जाते. कारण त्या यंत्रापोटी राहते घर तारण असते. नवे मध्यम आकाराचे व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे सीएनसी मिलिंग यंत्र, साधारणतः पंचवीस-तीस लाखांच्या घरात जाते; त्याच जातीचे दहा-बारा वर्षे वापरलेले यंत्र त्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळू शकते. नोकरी सोडून स्वतःचा उद्योग उभारू पाहणाऱ्या तरुणाला हा दुसरा मार्गच दिसतो. म्हणून हा विषय केवळ यांत्रिक राहत नाही.

आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र ही कल्पना अमेरिकेत हेलिकॉप्टरची पाती घडविण्याच्या गरजेतून पुढे आली. जॉन पार्सन्स यांनी ती मांडली, तेथील हवाई दलाने पैसा पुरविला आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेत पहिले यंत्र चालवून दाखविण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, बंगळुरूला आपल्या एचएमटीची स्थापना झाली. आपल्याकडे यंत्रे घडविणारी यंत्रे बनविण्याची जिद्द होती हे यावरून ध्यानात यावे. बंगळुरू आणि राजकोट येथे आज उत्तम व्हीएमसी तयार होतात. असे असूनही देशाची यंत्रावजारांची गरज भागविण्यात परदेशी मालाचा वाटा मोठाच आहे.

जुन्या यंत्रांचा बाजार दोन वाटांनी भरतो. मोठे कारखाने सात-दहा वर्षांनी यंत्रे बदलतात, किंवा एखादा उद्योग बुडाल्यावर बँक लिलाव पुकारते. ही झाली देशी वाट. दुसरी वाट जपान, तैवान, कोरिया, जर्मनीहून बंदरात उतरणाऱ्या यंत्रांची. २००४ च्या परराष्ट्र व्यापार धोरणाने जुन्या भांडवली यंत्रांच्या आयातीवरील वयाची अट काढून टाकली आणि ही दुसरी वाट रुंद झाली. अशा यंत्रासोबत सनदी अभियंत्याचे प्रमाणपत्र असते. पण ते प्रामुख्याने सीमाशुल्कासाठी वय, अवस्था आणि किंमत ठरविण्याकरिता असते. ते यंत्राच्या अचूकतेची हमी देत नाही. दलाल मात्र ते सुंदर फायलीत घालून ग्राहकापुढे ठेवतो.

येथे कोणी विचारील, परदेशातून उतरलेले जुने यंत्र घेणे स्वदेशीच्या विचारात बसते काय? माझे मत स्पष्ट आहे. भावनेने नव्हे, निव्वळ हिशेबाने पाहिले तरी भारतीय बनावटीचे जुने यंत्र लहान उद्योजकाला बहुधा अधिक परवडते. रंग खरबरीत असेल, आवाज थोडा जास्त असेल. पण बिघाड झाला तर बंगळुरूचा तंत्रज्ञ मराठी, हिंदी, कानडी मिसळून का होईना, फोनवर उपाय सांगतो, आणि सुटा भाग आठवड्यात येतो. जपानी यंत्राचा दर्जा वादातीत. परंतु वीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याचा सुटा भाग शोधताना जे दिवस जातात, त्या दिवसांचा हप्ता बँक सोडत नाही.

आता पाहणीकडे वळू. या व्यवहारातील सर्वांत मोठा शत्रू कोणता असेल, तर तो ताजा रंग. बिडाचा देह म्हातारा होत नाही. उलट जुन्या बिडाची ओतीव बैठक स्थिर झालेली असते. झिजतात ते बॉल स्क्रू, मार्ग आणि बेअरिंगे. म्हणून रंग पाहू नये, टेबल पाहावे. टेबलावर ड्रिलची भोके, कटरने कोरलेल्या खुणा असतील तर त्या यंत्राने टकरी खाल्ल्या आहेत असे समजावे. मग स्पिंडलमध्ये तपासणीचा मॅन्ड्रेल बसवून डायल लावावी आणि हाताने फिरवून पाहावे. त्यानंतर स्पिंडल उच्च वेगावर निदान अर्धा तास चालवून ठेवावा. विक्रेता चहा मागवील, गप्पा मारील. आपण कान आणि हात स्पिंडलच्या घराकडेच ठेवावेत. थंड यंत्र सगळेच गोड बोलते. बेअरिंगचा खडखडाट आणि ताप वेळ गेल्यावरच कळतो. हत्यार घट्ट ओढून धरणाऱ्या स्प्रिंगांचा जोर मोजणारे साधनही मिळते. तो जोर कमी झाला असेल तर भारी कटिंगमध्ये हत्यार हलते आणि शंकूची बैठक खराब होते.

एका चलाखीचा उल्लेख मुद्दाम करतो. बॉल स्क्रू झिजला की दिशा बदलताना टेबल क्षणभर जागेवरच राहते. या ढिलाईला आपण सारे बॅकलॅश म्हणतो. नियंत्रकात एक आकडा भरून ही ढिलाई झाकता येते. यंत्र तेवढे अंतर जास्त चालते आणि डायलवर सर्व ठीक दिसते. ही सोय वाईट नाही, थोड्याफार झिजेसाठी ती दिलेलीच असते. परंतु तेथे ५०-६० मायक्रॉन भरलेले आढळले, तर जवळजवळ माणसाच्या केसाच्या जाडीइतकी ढिलाई त्या पडद्याआड दडलेली आहे. तेव्हा आधी तो आकडा पडद्यावर उघडून पाहावा, मग डायल लावावी. शक्य असेल तर बॉलबारची चाचणी भाड्याने करून घ्यावी. यंत्र वर्तुळ कसे काढते ते कागदावर छापून येते, आणि त्या कागदावर रंग मारता येत नाही.

यंत्राचा देह आणि त्याचा मेंदू यांचे आयुष्य सारखे नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बैठक आणखी वीस वर्षे चालेल, पण नियंत्रकाची जुनी पाटी जळाली तर दुरुस्तीवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात. नियंत्रक कोणत्या पिढीचा आहे आणि बनविणारी कंपनी अजून त्याची देखभाल करते काय, हे बयाणा देण्यापूर्वी विचारावे. जपानच्या देशी बाजारातील यंत्रे बहुधा २०० व्होल्टवर चालणारी असतात. आपल्याकडे तीन फेजचा दाब ४१५ व्होल्टचा. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला, त्याचा खर्च आला. सौद्याच्या वेळी हा खर्च कोणी बोलून दाखवीत नाही.

आणखी एक अडसर अनेकांना ठाऊक नसतो. १९८७ साली तोशिबा समूहातील यंत्रनिर्मात्या कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. पाणबुड्यांचे पंखे घडविणारी अनेक अक्षांची मिलिंग यंत्रे त्या कंपनीने सोव्हिएत रशियाला विकली होती, आणि नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे होते. अमेरिकेत गदारोळ झाला आणि अशा यंत्रांच्या निर्यातीवरील बंधने कडक झाली. त्याच चिंतेपोटी काही आधुनिक जपानी यंत्रांत, विशेषतः पाच अक्षांच्या, जागेवरून हलविल्याचे ओळखणारी यंत्रणा असते. यंत्र उचलले की ते कुलूपबंद होते, आणि नवी जागा व नवा मालक तपासल्याखेरीज कंपनी ते उघडून देत नाही. दुसऱ्या शहरातून लिलावात घेतलेले असे यंत्र दारात नुसते शोभेला उभे राहू शकते. लिलावाची जाहिरात 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर असते. त्या चार शब्दांत कुलूपही येते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. यंत्र बँकेकडे नजरगहाण आहे काय, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. विक्रेता कंपनी असेल तर तिच्या मालमत्तेवरील बोजा कंपनी निबंधकाकडील नोंदीत पाहता येतो. २०११ पासून सरसाई ही केंद्रीय नोंदवहीही आहे. बँकेचे ना हरकत पत्र मूळ प्रतीत पाहावे. विकणाऱ्याने खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतली असेल, तर वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १८(६) नुसार, वापराच्या काळापुरती घटविलेली वजावट किंवा विक्री किमतीवरील कर, यांपैकी जी रक्कम अधिक ती त्याला भरावी लागते. बिलाशिवाय सौदा करणाऱ्याच्या हाती पुढे कर्जासाठी किंवा विम्यासाठी दाखवायला काहीच उरत नाही.

शेवटी विकणाऱ्यांविषयी. कोल्हापूरच्या बाजूला एका भगिनीचे यजमान अकस्मात गेले. दोन व्हीएमसी असलेला त्यांचा कारखाना तसाच बंद राहिला. वर्षभराने ताई यंत्रे विकायला निघाल्या, तेव्हा दोन्ही यंत्रांचे पडदे नुसता अलार्म दाखवू लागले. नियंत्रकाची स्मृती एका लहानशा बॅटरीवर जगत असते. यंत्र बंद पडून राहिले, बॅटरी संपली, आणि यंत्राचे सारे पॅरामीटर पुसले गेले. येणारा प्रत्येक व्यापारी मान हलवून भंगाराचा भाव सांगू लागला, किलोवर! त्यांच्या दिराने विजेच्या कपाटाच्या दाराआड पाहिले, तर कारखान्याने दिलेली पॅरामीटरची छापील यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच चिकटविलेली होती. एका निवृत्त कामगाराने दोन दिवस बसून ते आकडे एकेक करून पहिल्या यंत्रात भरले. ते यंत्र चालू स्थितीत, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत जॉब कापून विकले गेले. दुसऱ्याची यादी सापडली नाही. ते वजनावर गेले.

म्हणून, ज्यांचे यंत्र सध्या बंद आहे त्यांनी आठवड्यातून एकदा ते तासभर चालू करावे, तेल फिरू द्यावे. बॅटरी बदलताना वीजप्रवाह चालू ठेवावा, नाहीतर बदलण्याच्या त्या मिनिटातच स्मृती जाते. पॅरामीटरची नक्कल कार्डावर घेऊन ती घरच्या कपाटात, दस्तऐवजांसोबत ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातल्या माणसांना सांगून ठेवावे. यंत्र हलविण्यापूर्वी स्पिंडलचे डोके लाकडी ठोकळ्यावर टेकवून, आवरणाचे सांधे बांधूनच क्रेनला हात लावू द्यावा.

आता प्रश्नोत्तरे. तांत्रिक प्रश्नांना उत्तर देण्यासाठी आपल्यातील दोन अनुभवी यंत्रदुरुस्तीकार पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनाच मी पुढे बोलावतो.